चाकांवरच्या घराचे पाणी

ब्रिटनमध्ये मोटारीमागे जोडून न्यायच्या चाकांवरच्या घराला टूरिंग कॅराव्हॅन म्हणतात. या घरात शेगडी असते, फ्रीज असतो, पलंग असतो, नळसुद्धा असतो. पण त्या नळाला येणारे पाणी बहुतेक वेळा घरात नसतेच. ते बाहेर, गवतावर उभ्या केलेल्या प्लास्टिकच्या पिंपात असते. ‘अ‍ॅक्वारोल’ या नावाने तिकडे माहीत असलेले हे पिंप 40 लिटरचे. त्याच्या दोन्ही बाजूंच्या मध्यभागी दांडी अडकवायची, पिंप आडवे करायचे आणि रोलरसारखे लोळवत तळावरच्या सामाईक नळापर्यंत न्यायचे. भरले की तसेच लोळवत आणायचे, उभे करायचे, त्याच्या तोंडातून 12 व्होल्टचा छोटा पंप आत सोडायचा आणि नळीचे दुसरे टोक कॅराव्हॅनच्या भिंतीतल्या जोडात बसवायचे. आत कुणी तोटी फिरवली की बाहेर पिंपात पंप गुरगुरतो. सिंकच्या पाईपखाली आणखी एक भांडे असते: चपटे, बुटके, चाके लावलेले. त्यात सांडपाणी पडते, आणि ते भरले की दुसऱ्याच ठिकाणी नेऊन ओतायचे. शौचाची टाकी तिसरी, तिची रिकामी करायची जागाही तिसरी. सुट्टीवर आलेला माणूस सकाळी उठून आधी ही तीन भांडी तीन वाटांनी फिरवत असतो.

एवढा खटाटोप कशासाठी, या प्रश्नाचे ठरलेले उत्तर म्हणजे वजन. पाण्याच्या एका लिटरचे वजन एक किलो. पिंपभर पाणी म्हणजे 40 किलो, आणि मोटारीमागे ओढायच्या घरात किलोकिलोचा हिशोब करावा लागतो. उत्तर खरे आहे, पण अर्धेच. प्रवासात पाणी बरोबर का नेत नाहीत, एवढेच त्याने कळते. मुक्कामाला गाडी उभी राहिल्यावर वजनाचा प्रश्न मिटतो, तरी पिंप बाहेरच राहते. सांडपाण्याला स्वतंत्र भांडे का, हे तर वजनाने मुळीच उलगडत नाही. अमेरिकेतल्या बसएवढ्या मोटारहोममध्ये ओझ्याची फिकीर एवढी नसते. तिथे सगळ्या टाक्या गाडीच्या पोटात असतात, पण त्याही तीनच: चांगले पाणी, ‘करडे’ पाणी आणि ‘काळे’ पाणी. जागा बदलली, भांडी बदलली, वाटणी मात्र तीच राहिली. म्हणून फिरत्या घराच्या पाण्याचा इतिहास हा साठवणुकीपेक्षा वाटणीचा इतिहास आहे, असे माझे म्हणणे आहे. पंप, प्लास्टिक आणि चाके ही त्यातली अलीकडची भर.

ही वाटणी पंपाच्या किती आधीची आहे ते पाहायला इंग्लंडच्या कालव्यांवर जावे लागते. एकोणिसाव्या शतकात कोळसा आणि माल वाहणाऱ्या अरुंद बोटींवर अख्खी कुटुंबे राहत. खोलीच्या छपरावर रंगीत फुलांनी मढवलेला पत्र्याचा पाण्याचा कॅन असे. नॉर्थॅम्प्टनशरमधल्या लाँग बकबी गावावरून त्याला बकबी कॅन हे नाव पडले. त्याच्या शेजारी तशीच रंगवलेली, दांडीची एक पसरट वाटी असे. कॅनमध्ये किनाऱ्यावरच्या नळाचे किंवा विहिरीचे पिण्याचे पाणी. वाटीने कालव्याचे पाणी उपसायचे, ते धुण्यापुसण्याला. बोटीभोवती चोवीस तास पाणीच पाणी, आणि तरी पिण्याच्या पाण्याला मानाची जागा छपरावर. गुलाब आणि किल्ल्यांच्या नक्षीची ती भांडी आज दिवाणखान्यात शोभेला ठेवतात, पण मुळात ती रोजच्या कामाची होती. कोणते भांडे कशाचे, हे आकारावरूनच ओळखू येई.

तितकीच काटेकोर वाटणी रस्त्यावरच्या रोमानी लोकांची. ब्रिटनमधले जिप्सी म्हणून ओळखले जाणारे हे लोक मूळचे भारतातून गेलेले, हे 1780 च्या दशकात जर्मन अभ्यासकांनी भाषेच्या पुराव्याने दाखवले. मराठी वाचकाला त्या पुराव्यासाठी ग्रंथ उघडायची गरज नाही: रोमानीत पाण्याला ‘पानी’च म्हणतात. मानववंशशास्त्रज्ञ ज्युडिथ ओकली यांनी इंग्लंडमधल्या या कुटुंबांत राहून अभ्यास केला आणि 1983 मध्ये ‘द ट्रॅव्हलर-जिप्सीज’ हे पुस्तक लिहिले. त्यात ‘मोखादी’ ही कल्पना त्यांनी तपशिलाने मांडली आहे. मोखादी म्हणजे विटाळलेले. नुसते मळलेले नव्हे. अन्नाची भांडी ज्या परातीत धुवायची त्यात हात धुवायचे नाहीत, अंग धुवायचे नाही, कपडे तर नाहीच. तसे झाले तर ती परात कितीही घासली तरी बाद. ओकलींनी नोंदवलेली एक गोष्ट मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटते. ही कुटुंबे जेव्हा कारखान्यातून नवी कॅराव्हॅन बनवून घेत, तेव्हा ती सिंक न बसवता मागत. गावकरी माणसाच्या लेखी सिंक ही सोय होती. यांच्या लेखी तो धोका होता, कारण एकाच खोलगट भांड्यात बशी, हात आणि फडके तिन्ही पडणार. गावकऱ्याला गलिच्छ वाटणारी बाहेरची मांडामांड, म्हणजे पाण्याचे चकचकीत डबे आणि निरनिराळ्या पराती, हीच त्यांची स्वच्छतेची व्यवस्था होती.

हौशी कॅराव्हॅनवाले या वाटेवर फार उशिरा आले. नौदलातले निवृत्त डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स यांनी ब्रिस्टल वॅगन वर्क्सकडून ‘वाँडरर’ नावाची, दोन घोड्यांनी ओढायची, सुमारे दोन टनांची गाडी बांधून घेतली आणि 1885 मध्ये ट्वायफर्डहून थेट स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसपर्यंत नेली. आपल्या गाडीला ते ‘जमिनीवरची नौका’ म्हणत. 1907 मध्ये कॅराव्हॅन क्लब निघाला. 1919 पासून बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने मोटारीमागे जोडायच्या गाड्या बनवायला घेतल्या, तेव्हा वजनाचा हिशोब खऱ्या अर्थाने सुरू झाला. 1924 मध्ये एल्सन हे रासायनिक शौचपात्र आले आणि तिसरे भांडे घराच्या आत गेले. या हौशी वर्गाची वाटणी आली ती जंतूंच्या भीतीतून. 1854 मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचा आणि पटकीचा संबंध डॉ. जॉन स्नो यांनी दाखवल्यानंतरच्या अर्धशतकात शहरी मध्यमवर्ग पिण्याचे पाणी आणि मैलापाणी वेगळे ठेवायला शिकला होता. तेच शिक्षण त्याने चाकांवर चढवले. लष्करानेही तो धडा आपल्या पद्धतीने घेतला. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेबरोबर पाणी चालायचे ते खेचरांवर लादलेल्या पखालींतून, आणि पखाल पाण्याखेरीज कशालाच वापरत नसल्यामुळे घोटाळ्याचा प्रश्न नव्हता. यंत्रांच्या युद्धात पेट्रोल आणि पाणी एकाच घडणीच्या डब्यांतून जाऊ लागले तेव्हा तो उभा राहिला. 1937 च्या सुमारास जर्मनांनी घडवलेल्या, पुढे जेरीकॅन म्हणून जगभर गेलेल्या 20 लिटरच्या पत्र्याच्या कॅनपैकी पाण्याच्या कॅनवर म्हणून पांढरी फुली मारत. बोटीवाल्यांची वेगवेगळ्या आकारांची भांडी आणि ही फुली यांचे काम एकच.

आता कुणी विचारील, की हौशी मंडळींनी हे रोमानींकडून उचलले असा तुमचा दावा आहे का? नाही. तसा पुरावा मला दिसत नाही, आणि सिंकच्या बाबतीत तर दोघांचे उघड मतभेद आहेत. बोटीवाले, रोमानी आणि क्लबवाले आपापल्या कारणांनी एकाच जागी पोचले, आणि त्यामुळेच माझे म्हणणे पक्के होते. थोडे पाणी, लहान जागा आणि रोजचा बदलता मुक्काम या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की एका चुकीने सगळा साठा वाया जातो. मग वाटणी पाळणे भागच पडते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मोखादी हे तर सोवळेओवळेच, त्याला आरोग्यशास्त्राच्या शेजारी बसवता कसे? मला वाटते दोन गोष्टी वेगळ्या पाहिल्या पाहिजेत. माठात हात न बुडवता ओगराळ्याने पाणी घेणे आणि हात मोरीवर धुणे ही पाण्याची वाटणी. अमक्याने पाणवठ्याला शिवायचे नाही ही माणसांची वाटणी. पहिलीचे नाव घेऊन दुसरी किती निर्दयपणे चालवता येते, हे महाडच्या चवदार तळ्याने आपल्याला शिकवले आहे. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांना तिथे ओंजळभर पाणी पिऊन जे सिद्ध करावे लागले ते पाण्याबद्दल नव्हतेच. रोमानी स्वतः ‘गोर्जो’ म्हणजे परक्या माणसाला अस्वच्छ मानतात, हेही लपवण्यात अर्थ नाही. पण तळ्याची किल्ली त्यांच्या हातात कधीच नव्हती. नळ नेहमी दुसऱ्याच्या मालकीचा राहिला, आणि म्हणून या इतिहासाचा शेवटचा भाग भांड्यांचा नसून कायद्याचा आहे.

कालव्यावरच्या बोटींची नोंदणी आणि तपासणी 1877 च्या कायद्याने सुरू झाली. त्यासाठी झटलेल्या कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथ यांना जिप्सींच्या गाड्यांवरही तसाच अंकुश हवा होता. त्यांचे ‘फिरत्या घरांचे’ विधेयक पुन्हापुन्हा मांडले गेले आणि पडले. जे तेव्हा साधले नाही ते 1960 च्या कॅराव्हॅन साइट्स कायद्याने वेगळ्या मार्गाने साधले. तळ चालवायला परवाना सक्तीचा झाला, आणि जिप्सी कुटुंबांना आवारात उतरू देणारे शेतकरी मागे सरले. थांबा गेला की त्याबरोबर नळही गेला. मग रस्त्याकडेला थांबलेल्या गाड्यांभोवती घाण दिसते म्हणून तक्रारी वाढल्या आणि पोलीस त्यांना पुढे हाकलू लागले. आपल्याकडे म्हणतात ना, रोग हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला, त्यातलाच प्रकार. एरिक लबक या लिबरल खासदाराच्या प्रयत्नाने 1968 मध्ये दुसरा कायदा झाला आणि जिप्सींसाठी तळ उभारणे इंग्लंड-वेल्समधल्या स्थानिक संस्थांना बंधनकारक केले गेले. अनेक संस्थांनी टाळाटाळ केली, तरी जिथे तळ झाले तिथे निदान नळ आला. ‘सुट्टीवाल्यांनाही तोच 1960 चा कायदा लागू होता, मग भेदभाव कुठे?’ असा प्रश्न इथे येईल. लागू होता, पण त्याच कायद्याच्या परिशिष्टात मान्यताप्राप्त क्लबांना सूट होती. क्लबने प्रमाणपत्र दिले की शेतकऱ्याला वेगळ्या परवान्याशिवाय एका वेळी पाच कॅराव्हॅन उतरवता येत. क्लबची किमान अट काय, तर पिण्याच्या पाण्याचा नळ आणि शौचाची टाकी रिकामी करायची जागा. म्हणजे पिंप लोळवत नळापर्यंत नेणाऱ्याची सोय आणि पाण्याचे डबे घासूनपुसून ठेवणाऱ्याची गैरसोय एकाच कायद्याने केली. स्थानिक संस्थांवरचे ते 1968 चे बंधन 1994 मध्ये संसदेने काढून टाकले. पाच कॅराव्हॅनची सवलत कायद्यात अजून आहे.