मुन्शींनी बापाची समजूत घातली

भोरहून नीरेच्या खोऱ्याने शिरवळला उतरले की सावित्रीबाईंचे नायगाव फार दूर राहत नाही. दरवर्षी ३ जानेवारीला तेथे माणसांची रीघ लागते. वेल्हे-भोरचा डोंगर पाठीशी ठेवून आम्ही या वाटेने जातो तेव्हा मनात एक तिसरेच नाव घोळत असते. ते म्हणजे गफ्फार बेग मुन्शी.

जोतिबांची शाळा सुटली ती डोके चालत नव्हते म्हणून नव्हे. गोविंदरावांच्या पदरी असलेल्या कारकुनाने त्यांच्या मनात भरवले की शिकलेला पोरगा शेतीच्या कामाचा राहत नाही. बाप साधा, त्याला ते पटले. १८३८ च्या सुमारास पोराच्या हातातली पाटी गेली आणि खुरपे आले. १८४० मध्ये लग्नही झाले. तेराव्या वर्षी संसार गळ्यात पडलेला मुलगा पुन्हा शाळेत जाईल, असे त्या काळी कोणाला वाटणार?

पण दिवसभर मळ्यात राबून रात्री दिव्याशी पुस्तक घेऊन बसणारा हा मुलगा दोघा शेजाऱ्यांच्या नजरेत भरला. एक उर्दू-फारसीचे शिक्षक गफ्फार बेग मुन्शी, दुसरे ख्रिस्ती अधिकारी लिजिट साहेब. एक मुसलमान, एक ख्रिस्ती आणि समोर माळ्याचा मुलगा! दोघांनी गोविंदरावांना गाठले, त्यांची समजूत घातली. १८४१ मध्ये जोतिबा स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले आणि १८४७ पर्यंत त्यांनी तेथील शिक्षण पुरे केले.

आम्हाला यात मुन्शींचे विशेष वाटते. १८३७ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या कचेऱ्यांतून फारसीचे आसन डळमळले होते. ज्याची स्वतःची विद्या बाजारातून उठत चालली होती, तो मौलवीकडे नव्हे, मदरशात नव्हे, तर इंग्रजी शाळेत मुलाला धाडा म्हणून आग्रह धरतो. याला कोणी त्याग म्हणेल. आम्ही म्हणतो, वाचणारा मुलगा शिक्षकाला ओळखू येतो, एवढेच.

पुढे १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. वर्षभरातच, १८४९ मध्ये, लोकांच्या दबावापुढे वाकून गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर जायला सांगितले. या वेळी बापाची समजूत कोणाला घालता आली नाही. आसरा दिला तो गंज पेठेतल्या उस्मान शेख यांनी. फातिमाबींचे नाव याच घराशी जोडलेले. २०२५ च्या जानेवारीत त्या काल्पनिक असल्याचा मोठा गलका झाला. शंका असणाऱ्यांनी सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतिबांना लिहिलेले पत्र उघडावे. फातिमाचा उल्लेख तेथे आहे. फातिमाबींबद्दल निदान वाद तरी होतो. मुन्शींसाठी भांडायलाही कोणी येत नाही, आमच्यातलेसुद्धा.

पैगंबरांवर 'मानव महंमद' लिहिणारे जोतिबा आम्ही सभांतून अभिमानाने सांगतो. त्याहून आम्हाला १८८२ चे जोतिबा जवळचे वाटतात. हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी मागितले, की प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा. स्वतःच्या बाराव्या वर्षी ते बापाच्या मळ्यात वाफ्यांना पाणी देत होते.