वॉर्डातून विद्यापीठात

‘नर्स व्हायला रसायनशास्त्र कशाला हवं?’ बारावी विज्ञानाच्या वर्गात हा प्रश्न अधूनमधून येतो. विचारणाऱ्या मुलीला दोष देण्याचे कारण नाही. हाच प्रश्न डॉक्टरांनी, रुग्णालयांच्या विश्वस्तांनी, क्वचित खुद्द परिचारिकांनीही शंभरहून अधिक वर्षे विचारला आहे. परिचारिकेचे शिक्षण रुग्णालयात व्हावे की विद्यापीठात, हा वाद वरवर अभ्यासक्रमाचा वाटतो. पण त्याच्या मुळाशी रोकडा व्यवहार होता. शिकायला आलेली मुलगी ही विद्यार्थिनी समजायची की कामगार?

१८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने परिचारिकांची शाळा सुरू झाली. क्रिमियाच्या युद्धातील त्यांच्या कामाबद्दल लोकांनी कृतज्ञतेने जमवलेला सुमारे ४५ हजार पौंडांचा निधी या शाळेमागे होता. पहिल्या तुकडीत १५ उमेदवार होत्या. त्यांच्या राहण्याजेवणाचा खर्च या निधीतून होत असे. म्हणजे शाळेचा पैसा रुग्णालयाच्या तिजोरीतून येत नव्हता. नाइटिंगेलबाईंचा दिवा सर्वांच्या लक्षात राहिला, हा निधी मात्र बहुतेक जण विसरले.

१८७३ साली अमेरिकेत न्यूयॉर्क, न्यू हेवन आणि बोस्टन येथे याच धर्तीवर तीन शाळा निघाल्या. मागे निधी नव्हता, तेव्हा रुग्णालयाने मुलींना राहायला-जेवायला द्यावे आणि मुलींनी त्या बदल्यात वॉर्ड सांभाळावा, अशी सोय झाली. रुग्णालयांना ती इतकी मानवली की पुढच्या काही दशकांत गावोगावच्या लहानमोठ्या इस्पितळांनी शाळा काढल्या. व्याख्यान संध्याकाळी, दिवसभराची ड्यूटी आटोपल्यावर. वॉर्डात रुग्ण वाढले की पहिले रद्द व्हायचे ते व्याख्यानच. आणि शिक्षण पुरे झाले की त्या परिचारिकेला रुग्णालयात जागा नसे. तिच्या जागी नवी, फुकट काम करणारी विद्यार्थिनी हजर असे. शिकून तयार झालेली बाई मग श्रीमंतांच्या घरी खासगी शुश्रूषेला जायची.

१९०९ साली मिनेसोटा विद्यापीठाने परिचारिकांची शाळा आपल्या कक्षेत घेतली. त्यासाठी आग्रह धरणारे रिचर्ड ओल्डिंग बेअर्ड हे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते, हा योगायोग नसावा असे मला वाटते. तेथेही सुरुवातीला पदवी नव्हती, तीन वर्षांचा अभ्यासक्रमच होता. खरा घाव घातला तो १९२३ सालच्या एका अहवालाने. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मदतीने झालेल्या या पाहणीच्या सचिव होत्या जोसेफीन गोल्डमार्क. त्या परिचारिका नव्हत्या, कारखान्यांतील कामगारांचे तास आणि थकवा हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्यामुळे त्यांना वॉर्डात जे दिसले ते ओळखीचेच होते. रुग्णालयाची गरज आणि शाळेची गरज यांची गाठ पडली की शाळा हरते, असा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी येल विद्यापीठात परिचर्येची स्वतंत्र शाळा उभी राहिली.

आता रसायनशास्त्राच्या प्रश्नाकडे येऊ. शस्त्रक्रियेनंतर एखाद्या रुग्णाला पोटात आतल्या आत रक्तस्राव होत आहे असे समजा. त्याचा रक्तदाब लगेच कोसळत नाही. शरीर रक्तवाहिन्या आकुंचित करते, हृदयाचे ठोके वाढवते आणि बराच वेळ रक्तदाब सावरून धरते. या काळात हातपाय गार पडतात, नाडी जलद होते, श्वासाचा वेग वाढतो, लघवी कमी होते, रुग्ण उगीचच अस्वस्थ होतो. तक्त्यावर रक्तदाबाचा आकडा मात्र ठीक दिसतो. तो आकडा घसरेपर्यंत हातातला मोलाचा वेळ निघून गेलेला असतो. पहाटे तीनला वॉर्डात सर्जन नसतो, परिचारिका असते. नाडी आणि श्वास मोजायला काही महिन्यांत शिकवता येते. पण त्या दोन आकड्यांचा तिसऱ्या, अजून ठीक असलेल्या आकड्याशी काय संबंध आहे, हे कळायला शरीरक्रियाशास्त्र लागते, आणि त्याला जीवरसायनशास्त्राशिवाय गत्यंतर नाही.

भारतात पदवीची सुरुवात १९४६ साली दोन ठिकाणी झाली. एक वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, दुसरे नवी दिल्लीचे कॉलेज ऑफ नर्सिंग. दिल्लीच्या कॉलेजला पुढे पहिल्या केंद्रीय आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांचे नाव मिळाले. त्याच साली आलेल्या भोर समितीच्या अहवालाने देशाची स्थिती सांगितली ती अशी: परिचारिका सुमारे ७ हजार, म्हणजे ४३ हजार लोकांमागे एक! १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आली. मुंबईत एस. एन. डी. टी. विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ साली सुरू झाले. आज बी. एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे आहे. ते पूर्ण केल्यावर राज्याच्या परिषदेकडे नोंदणी होते, आणि मगच ती ‘नोंदणीकृत परिचारिका व सुईण’ ठरते.

पदवीने खरोखर फरक पडतो का, हे मोजण्याचा प्रयत्न फार उशिरा झाला. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली युरोपातील नऊ देशांतील ३०० रुग्णालयांची माहिती प्रसिद्ध केली. शस्त्रक्रिया झालेले, पन्नाशीचे आणि त्याहून मोठे ४ लाख २२ हजारांवर रुग्ण त्यात होते. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त असेल तेथे, दाखल झाल्यापासून तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी आढळली. पदवीधर परिचारिका जास्त असलेली रुग्णालये इतर बाबतींतही बरी असू शकतात, त्यामुळे असल्या पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. अभ्यासकांनी रुग्णांचे वय, आजार, रुग्णालयाच्या सोयी यांचा हिशेब धरला होता, तरीही ही शंका पूर्ण मिटत नाही. मात्र त्याच पाहणीत दुसरा एक आकडा आहे, आणि पदवीचे कौतुक करताना तो सहसा सांगितला जात नाही. प्रत्येक परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की मृत्यूची शक्यता तितक्याच, म्हणजे ७ टक्क्यांनी वाढत होती.