शनिवारवाड्याचे पटांगण आणि आपले पाबळ

गेल्या हिवाळ्यात आपल्या मंडळाची सहल पुण्यास गेली. शिरूरच्या भगिनी एस. टी.ने आल्या, आम्ही दौंडकर आगगाडीने. शनिवारवाड्यापुढील पटांगणात सर्वजणी जमलो. समोर दिल्ली दरवाजा. हत्तींना थोपविण्यासाठी त्याच्या फळ्यांवर अणकुचीदार खिळे. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी वाड्याचा पाया घातला. १८२८ च्या आगीत आतील महाल जळाले. तट, दरवाजे व नगारखाना तेवढे उरले.

तटात मस्तानीच्या नावाचाही एक दरवाजा आहे. तो पाहताच पाबळ माहेर असलेल्या काकू म्हणाल्या, “अगं, हिची कबर तर आमच्या गावाला!” आम्ही गप्पच झालो.

१७४० च्या एप्रिलात बाजीराव रावेरखेडीस निवर्तले. त्याच वर्षी मस्तानीही गेली. पेशव्यांच्या घराने तिला सून मानले नाही. तिचा मुलगा समशेरबहाद्दर मात्र १७६१ साली त्याच घरासाठी पानिपतावर लढला आणि जखमांनी मरण पावला.

दरवाजा पाहण्यास आम्ही भाडे खर्चून पुण्यास गेलो. शिरूर तालुक्यातलेच पाबळ आमच्यापैकी कितीजणींनी पाहिले होते? काकू धरून दोघींनी! पुढील सहल तेथेच न्यावी, ही माझी मंडळास विनंती आहे.