इंजिनाचा श्वास आणि वऱ्हाडचा उन्हाळा

इ. स. १९९४ च्या एप्रिल महिन्याच्या १५ तारखेस यवतमाळ–मूर्तिजापूर या अरुंद लोहमार्गावरील वाफेचें इंजिन निवृत्त झालें. मँचेस्टर येथें १९२१ सालीं तयार झालेलें हें इंजिन सत्तर वर्षें ‘शकुंतला’ या लाडक्या नांवाची गाडी दारव्हा, कारंजा या गांवांवरून ओढीत होतें. किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीनें वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे जावा म्हणून हा मार्ग उभारला होता. जुनें इंजिन गेलें, त्याची शिटी गेली, धूर गेला. आणि त्याच्या जागीं डिझेलचें इंजिन आलें. या बदलाबरोबर आणखी एक गोष्ट घडली. या मार्गावरील गाडी यवतमाळच्या हवेचा श्वास आतां थेट आपल्या छातींत, म्हणजे सिलिंडरांत, घेऊं लागली.

वाफेच्या इंजिनांत जाळ एका जागीं आणि शक्ति दुसऱ्या जागीं असते. कोळसा भट्टींत जळतो, पाणी बाष्पकांत उकळतें, आणि सिलिंडरांत जाते ती केवळ वाफ. बाहेर माघाची थंडी असो कीं वैशाखाचें ऊन असो, बाष्पकांतील दाब राखला कीं काम भागतें; उणें पडलें तर चार फावडीं कोळसा अधिक. तेलावर चालणाऱ्या इंजिनाचें तसें नाहीं. त्याचा जाळ सिलिंडराच्या पोटांतच पेटतो, आणि त्यासाठीं लागणारा प्राणवायु त्याला दर श्वासाला बाहेरच्या हवेंतून ओढून घ्यावा लागतो. सिलिंडराचें माप ठरलेलें असतें. त्यांत मावणारी हवा मापानें तितकीच, पण वजनानें मात्र ती ऋतूप्रमाणें बदलते. जळणाचा हिशेब मापावर नव्हे, वजनावर चालतो.

हवेचा हा स्वभाव इंजिनांच्या जन्मापूर्वींच ओळखला गेला होता. फ्रान्समधील जाक शार्ल या बलूनांच्या शोकीनानें १७८७ च्या सुमारास, आणि गे-ल्युसाक यानें १८०२ मध्यें दाखवून दिलें कीं, दाब तोच असतां वायु जसजसा तापतो तसतसा तो ठराविक प्रमाणांत फुगतो. समुद्रकांठीं १५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेचें वजन सुमारें १.२२ किलोग्रॅम भरतें. तीच हवा ४५ अंशांपर्यंत तापली तर १.११ उरतें. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचारशें मीटर उंच आहे. तेथें हवेचा दाब मुळांतच कमी. म्हणून मे महिन्यांतल्या कडक दुपारीं हा आंकडा १.०५ च्या आसपास येतो. शीत देशाच्या किनाऱ्यावर ज्याची पारख झाली, त्या इंजिनाला येथें दर घोटामागें सातवा हिस्सा कमी मिळतो. माल पुरवणारा तोच, माप तेंच, आणि वजनांत मात्र तूट.

ही तूट मोटारीच्या मालकाला चढावावर जाणवते. शेतकऱ्याला ती विहिरीवर जाणवते, आणि तेथें ती अधिक बोंचते. विजेची तार पोंचण्यापूर्वीं विहिरीवरचें पाणी उपसण्याचें काम तेलाचीं इंजिनें करूं लागलीं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना पुण्याजवळ खडकी येथें १९४६ सालीं निघाला तो याच गरजेच्या काळांत. आतां वैशाखांतल्या विहिरीची स्थिति पाहावी. पाणी तळाला गेलेलें, म्हणजे उपसा सर्वांत खोल. पिकाची तहान सर्वांत मोठी. आणि नेमकी त्याच वेळीं हवा सर्वांत विरळ. इंजिन बसविलेलें असतें पत्र्याच्या खोपटांत, जेथें त्याच्याच अंगाची उष्णता कोंडून राहते. इंजिनावर ओझें वाढलें म्हणजे त्याचा नियंत्रक सिलिंडरांत डिझेल अधिक सोडतो; हवा मात्र त्याला अधिक सोडतां येत नाहीं. मग काळा धूर निघतो. तो धूर म्हणजे पैसे मोजून आणलेलें, पण हवेअभावीं अर्धवट जळालेलें तेल. खोपटाची एक बाजू उघडी ठेवणें, धुराचा नळ छपराबाहेर नेणें आणि हवा घेणारें तोंड सांवलीकडे वळविणें, एवढ्या साध्या व्यवस्थेनें त्यांतला बराचसा तोटा वांचतो.

मग इंजिनें घडविणाऱ्यांच्या हें ध्यानांत आलें नव्हतें काय? आलें होतें, परंतु मोटारींच्या बाबतींत त्यांची चिंता अगदीं उलट होती. युरोप-अमेरिकेंतील हिंवाळ्यांत पेट्रोल नीट वाफाळत नसे. कार्बुरेटरमध्यें हवेंतील बाष्पाचें बर्फ जमे. म्हणून १९२० नंतरच्या अनेक मोटारींत धुराच्या नळाची उष्णता मुद्दाम हवेच्या नळीला देण्याची योजना असे. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईंत शिवडी येथें मोटारी जोडण्यास आरंभ केला, तेव्हां हिंदुस्थानच्या रस्त्यांवर धांवूं लागल्या त्या अशा परदेशीं आखलेल्या गाड्या. ज्या हवेला आधींच चटका बसलेला, तिला शेकोटी देण्याची सोय वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत कोणाच्या कामाची! बॉनेटखालची हवा ६५ अंशांपर्यंत तापली असेल आणि इंजिन तीच ओढीत असेल, तर बाहेरच्या ४५ अंशांच्या हवेच्या मानानें आणखी सहा टक्के तूट येते. पेट्रोलच्या इंजिनांत तर तापलेल्या हवेनें मिश्रण अवेळीं भडकून आंतून ठोके ऐकूं येतात.

या दिवसांत पेट्रोलच्या पंपावर ओलें फडकें गुंडाळण्याची ड्रायव्हर मंडळींची युक्ति पुष्कळांनीं पाहिलेली असेल. ती मात्र हवेसाठीं नव्हे. नळींत पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह तुटूं नये म्हणून ती असे. रोग निराळा, पण मूळ एकच.

विरळ हवेवरचा खरा उपाय उन्हाळ्यानें सुचविला नाहीं. तो उंचीनें सुचविला. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यानें १९०५ सालीं धुराच्या जोरावर चालणाऱ्या पंख्यानें इंजिनांत हवा कोंबण्याच्या कल्पनेचें पेटंट घेतलें. १९१८ मध्यें अमेरिकेंत सॅनफर्ड मॉस यानें विमानाचें लिबर्टी इंजिन ४,३०० मीटर उंचीच्या पाइक्स शिखरावर नेऊन पाहिलें. पायथ्याच्या देशीं ३५० अश्वशक्ति देणारें हें इंजिन शिखरावर २३० च्या आसपास आलें. टर्बोचार्जर लावतांच तें पुन्हां ३५० च्या वर गेलें. परंतु दाबलेली हवा तापते, हें सायकलच्या पंपाला हात लावणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. ४५ अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली तर ती सव्वाशें-दीडशें अंशांपर्यंत तापते, आणि दुप्पट हवा भरावी म्हणून केलेल्या खटाटोपांतून हातीं येते जेमतेम दीडपट. तीच दाबलेली हवा वाटेंत ६५ अंशांपर्यंत निववली तर प्राप्ति पावणेदोनपटीच्याहि पुढें जाते. हवा निववणाऱ्या या जाळीलाच इंटरकूलर म्हणतात. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ सालीं, स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनाला दोन टप्प्यांचा दाबपंखा आणि त्याबरोबर ही जाळी बसली, तेव्हां अतिउंचावरच्या झुंजींत त्या विमानाचें पारडें पुन्हां जड झालें.

आकाशांतून ही जाळी रस्त्यावर उतरण्यास बराच काळ लागला. भारतांत इसवी सन २००० नंतर धुरावरील निर्बंध कडक होत गेले. निवालेल्या हवेनें ज्वाळेचें तापमान खालीं राहतें व नायट्रोजनचीं विषारी ऑक्साइडें कमी होतात. म्हणून मालमोटारींत इंटरकूलर सर्रास दिसूं लागले. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा रस्ता वर्धा नदी ओलांडून यवतमाळ जिल्ह्यांत शिरतो आणि पांढरकवड्यावरून पैनगंगेकडे जातो. त्यावरील ट्रकांच्या तोंडाशीं, रेडिएटरच्या पुढें, ही जाळी असते. तिलाहि एक मर्यादा आहे: ज्या वाऱ्यानें ती हवा निववते तोच ४५ अंशांचा असेल, तर त्याखालीं ती जाऊं शकत नाहीं. शिवाय काळ्या मातीची धूळ जाळीच्या फटींत बसली कीं तेवढाहि लाभ कमी होतो. म्हणूनच जिल्ह्यांतल्या कित्येक ट्रॅक्टरांचा श्वासनळ बॉनेटच्या वर उंच काढलेला दिसतो. तेथें हवा इंजिनाच्या उष्णतेपासून दूर असते, आणि नांगराच्या मागें उठणारी धूळहि कमी पोंचते.