उपनगरातील टोपली : वेळू, कायदा आणि कागद

रंगविलेल्या कागदाच्या पट्ट्या विणून शिल्पवत टोपल्या घडविण्याची कला आज नवी मानली जाते. तथापि तिची उभी-आडवी वीण बुरुडाच्या हातचीच आहे. बोरिवली-मुलुंडच्या घरांतील सूप, रोवळी, दुरडी केवळ प्लॅस्टिकमुळे मागे पडली, हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने वेळूची गणना वृक्षांत केली (वनस्पतिशास्त्र त्यास गवतच म्हणते!) आणि बुरुडाचा कच्चा माल तोड-वाहतुकीच्या परवान्यांत अडकला. ही व्याख्या बदलली ती थेट २०१७ मध्ये. वनातील वेळूवरील निर्बंध त्यानंतरही राहिले. कागदास असा परवाना लागत नाही. विवाहातील ऐरणीदानासाठी मात्र वेळूचेच पात्र लागते.