वाघ, शेळी आणि गवताचा भारा

होडीत नावाड्याबरोबर एकच नग मावतो. त्याच्या पाठीमागे वाघाने शेळी खाऊ नये, शेळीने गवत खाऊ नये आणि तिन्ही पैलतीरी पोचावेत, हे कोडे मराठी मुलांच्या ओळखीचे आहे. त्याची सर्वांत जुनी लेखी नोंद मात्र नवव्या शतकातल्या एका लॅटिन हस्तलिखितात मिळते. तिथे वाघाच्या जागी लांडगा आहे आणि गवताच्या जागी कोबी.

तरुणांची बुद्धी परजण्यासाठी रचलेला हा प्रश्नसंग्रह यॉर्कच्या अल्क्विनचा मानला जातो. शार्लमेन राजाच्या दरबारातला हा शिक्षक 804 साली वारला. संग्रहात पन्नासहून अधिक प्रश्न आहेत आणि त्यांतले काही चक्क खोडसाळ आहेत. दिवसभर नांगर ओढणाऱ्या बैलाची शेवटच्या सरीत किती पावले उमटतात? एकही नाही, मागून येणारा नांगर ती पुसून टाकतो. तीनशे डुकरे तीन दिवसांत मारायची, पण रोज विषम संख्येने, असाही एक प्रश्न आहे. तीन विषम संख्यांची बेरीज सम येऊच शकत नाही. पोरांना दटावण्यासाठीच तो घातला आहे, असे संग्रहातच म्हटले आहे.

होडीच्या कोड्याला सात खेपा लागतात. आधी शेळी पलीकडे, मग नावाडी एकटा परत. तिसऱ्या खेपेला वाघ जातो आणि इथेच बहुतेकांचे घोडे अडते, कारण चौथ्या खेपेला पलीकडे नेलेली शेळी परत आणावी लागते. मग गवत, एक रिकामी खेप आणि शेवटी पुन्हा शेळी. शेळी परत आणण्यास नियमांची आडकाठी नसते. पोचवलेले माघारी आणायचे नाही, ही अट सोडवणारा आपणच घालून घेतो. माल्टात जन्मलेल्या एडवर्ड डी बोनो यांनी 1967 साली ‘लॅटरल थिंकिंग’ हा शब्दप्रयोग रूढ केला, तो अशी गृहीतके मोडणाऱ्या आडवाटेच्या विचारासाठी.

याच संग्रहात तीन पुरुष आणि त्यांच्या तीन बहिणींना नदीपार नेण्याचे कोडे आहे. पुढे त्याचे मत्सरी नवरे झाले आणि एकोणिसाव्या शतकात मिशनरी व नरभक्षक. त्यातही एका टप्प्यावर एकाऐवजी दोघांना परतावे लागते. 1974 साली जॉन थॉमस या मानसशास्त्रज्ञाने याच प्रकारचे कोडे लोकांना घातले, तेव्हा तेही नेमके त्या माघारीपाशी रेंगाळले.

आफ्रिकेतही या कोड्याची अनेक रूपे आहेत. गणिताच्या अभ्यासक मार्शिया अ‍ॅशर यांनी 1990 साली त्यांची तुलना केली. झांबियातल्या इला लोकांच्या कथेत बिबट्या, शेळी, उंदीर आणि धान्याची टोपली असे चार नग आहेत. एकेक नेऊन हे कोडे सुटत नाही. बिबट्या किंवा उंदीर सोडून द्यावा, तर ती त्या माणसाला लेकरांसारखी. शेवटी तो नदी ओलांडायचा बेतच रद्द करतो आणि आहे तिथेच राहतो.