पोथी हरवली, पाठ उरला

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक रेखतो, तेव्हा त्याच्यासमोर बहुधा एकच वही नसते. रोजच्या देण्याघेण्याची रोजकीर्द वेगळी आणि तीवरून खातेवार उतरवलेली खतावणी वेगळी. खतावणीला वाळवी लागली, तरी रोजकीर्दीवरून ती पुन्हा उभी करता येते. नोंद टिकवायची तर ती एकाच जागी ठेवून भागत नाही, हे शहाणपण आपल्या पेढ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

आज बँका, रुग्णालये आणि मोठ्या कचेऱ्या आपली जुनी पत्रे, पावत्या व दस्तऐवज संगणकांत साठवतात. हा संग्रह सांभाळणाऱ्या यंत्राला सर्व्हर म्हणतात. यंत्र म्हटले की ते कधी तरी बंद पडणारच. म्हणून जाणते लोक त्याच्या जोडीला दुसरे यंत्र उभे करतात. अशा जुळणीला क्लस्टर म्हणतात, आणि पहिले कोसळताच दुसऱ्याने कारभार हाती घेणे याला फेलओव्हर. ही यंत्रे क्षणोक्षणी एकमेकांना ‘मी आहे’ असा निरोप देत राहतात. ओळीने काही निरोप चुकले, की जोडीदार समजतो, आता भार आपल्यावर आला.

हा विचार विसाव्या शतकातल्या यंत्रविद्येने दिला, असे वाटणे साहजिक आहे. पण वाचकहो, मराठीच्या आद्य गद्यचरित्रावर नेमकी हीच वेळ आली होती, आणि त्या वेळी यंत्रे नव्हती. होती ती माणसे.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर आपण ऐकून आहोत. उल्कापाताने झालेला तो विशाल खळगा आणि त्याच्या काठाची जुनी देवळे पाहायला आज दूरदूरचे लोक येतात. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी आपल्या भ्रमंतीत या लोणारास आले होते, मेहकरासही राहिले होते. ते कोठे उतरले, कोणाशी काय बोलले, कोणत्या देवळात बसले, हे आपणांस कळते ते ‘लीळाचरित्रा’मुळे. चक्रधरांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. सुमारे १२७४ मध्ये ते उत्तरेकडे निघून गेले, आणि मागे राहिल्या त्या भक्तांच्या आठवणी.

त्या आठवणी विझण्यापूर्वी टिपून घेण्याचे कार्य म्हाइंभटांनी केले. हे मोठे शास्त्रव्युत्पन्न पंडित. पण पांडित्य बाजूला ठेवून ते ज्याने जे पाहिले त्याच्याकडे गेले आणि ऐकले तसे उतरवून घेतले. रिद्धपुरास नागदेवाचार्यांकडून त्यांनी लीळा ऐकल्या आणि पडताळून घेतल्या. सुमारे १२७८ च्या सुमारास एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा तीन भागांचा हा ग्रंथ सिद्ध झाला. त्यात तेराव्या शतकातील मराठी माणूस जसा बोलत होता, तसा बोलतो. शेतकरी, गवळी, भट, राजपुरुष, घरातल्या बायका, सर्वांची बोली त्यात आहे. मराठीकडे एवढ्या जुन्या काळची दुसरी अशी गद्य संपत्ती नाही.

आणि ही संपत्ती हरवली! १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. पुढील वीसबावीस वर्षांत यादवांचे राज्य बुडाले. नागदेवाचार्यही १३०२ च्या सुमारास गेले. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या त्या धावपळीत, सैन्याच्या धाडीत लीळाचरित्राची मूळ पोथी नाहीशी झाली, असे पंथाची परंपरा सांगते. ज्यांनी चक्रधरांना डोळ्यांनी पाहिले होते, ते बहुतेक गेले होते. पोथी गेली, साक्षीदारही गेले. मग उरले काय?

उरला तो पाठ. महानुभावांत लीळा नुसत्या लिहून ठेवण्याची नव्हे, तर ऐकण्याची, म्हणण्याची आणि मनन करण्याची वस्तू होती. परंपरा हिराइसा या साध्वीचे नाव आदराने घेते. एकदा ऐकलेले जसेच्या तसे सांगणारी ती एकपाठी होती. तिच्या आणि इतरांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला. यंत्राच्या भाषेत बोलायचे, तर पहिला सर्व्हर कोसळला, तेव्हा दुसरा झोपेत नव्हता. ग्रंथ रोज त्याच्या ओठांवर फिरत होता. राखीव म्हणून कपाटात बंद ठेवलेले यंत्र ऐन वेळी चालेलच, याची खात्री कोणी द्यावी? म्हणून आजचे तज्ज्ञ मुद्दाम एक यंत्र बंद करून दुसरे भार घेते की नाही, हे अधूनमधून तपासून पाहतात. हिराइसेची तपासणी रोजच्या पारायणात होत असे.

पण येथे एक दुसरी अडचण उभी राहते. दोन यंत्रांमधील तारच तुटली, तर दोघांनाही वाटते, दुसरा मेला. आणि दोघेही मीच खरा म्हणून नोंदी करू लागतात. मग दोन वह्यांत दोन हिशेब! हा घोटाळा टाळण्यासाठी क्लस्टरमध्ये मतांची बेरीज ठेवतात. ज्याच्या बाजूला अर्ध्याहून अधिक मते, त्यानेच कारभार करावा. दोनच यंत्रे असतील तर तिसरा साक्षीदार नेमतात.

लीळाचरित्राच्या बाबतीतही असेच झाले. निरनिराळ्या आचार्यांच्या परंपरांत पाठ निरनिराळे झाले. एक लीळा एके ठिकाणी अशी, तर दुसरीकडे तशी. महानुभावांनी मात्र यातला एकही पाठ बळाने पुसला नाही. पाठभेदाला त्यांनी ‘वासना’ असा शब्द योजला आणि एकाच पोथीत शेजारी शेजारी तो नोंदवून ठेवला. आम्हांस असेही ऐकू आले आहे, असे प्रामाणिकपणे लिहून ठेवणे हे लहान धैर्याचे काम नाही. शिवाय ‘स्थानपोथी’त चक्रधरांच्या मुक्कामांच्या जागा त्यांनी वर्णन करून ठेवल्या, ज्या ज्या जागी ते राहिले तेथे ओटे बांधून ती स्थाने जपली. ग्रंथाला जमिनीची साक्ष मिळाली.

पंथाने पोथ्या दूरवर नेल्या. पंजाबात हा पंथ जयकृष्णी म्हणून ओळखला गेला आणि तेथेही मराठी पोथ्या पोचल्या. एका गावाला आग लागली, तर दुसऱ्या गावची प्रत वाचावी, हा नियम संगणकाच्या काळातही तसाच लागू आहे. कारण दोन्ही यंत्रे एकाच खोलीत, एकाच साठ्याला जोडलेली असली, तर साठा बुडताच जोडी निरुपयोगी ठरते. क्लस्टरने काम थांबत नाही, एवढेच; ग्रंथ वाचवायचा तर प्रत दुसऱ्या गावी हवी.

मात्र एका बाबतीत ही व्यवस्था तिच्या कर्त्यांवरच उलटली. चौदाव्या शतकापासून महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. परक्याच्या हाती पोथी पडली, तरी मजकूर कळू नये, हा हेतू. प्रती सुरक्षित राहिल्या. पण किल्ली मूठभर लोकांपाशीच राहिली. परिणामी मराठीचे हे धन विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मराठी वाचकांच्याच दृष्टीआड होते. राजवाडे आणि भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या परिश्रमांनी ते कुलूप उघडले. आजही गुप्त भाषेत साठवलेल्या संग्रहाची किल्ली एकाच माणसापाशी असेल, तर दहा यंत्रे जागती ठेवून काय उपयोग?

पुढे ह. ना. नेने यांनी नागपुरात लीळाचरित्र छापून वाचकांसमोर आणले. आणि मग ज्या बुलढाणा जिल्ह्यातून चक्रधरांची पावले गेली, त्याच जिल्ह्यातील मलकापूरजवळच्या नरवेल गावी १९०८ मध्ये जन्मलेले डॉ. विष्णु भिकाजी कोलते यांनी अनेक हस्तलिखिते पडताळून या ग्रंथाचे संशोधित संस्करण सिद्ध केले. ते १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. सातशे वर्षांपूर्वी विखुरलेल्या पाठांना एका टेबलावर बसवून त्यांची साक्ष घेण्याचे काम या वऱ्हाडी माणसाच्या वाट्याला आले. येथे नुसती मते मोजून भागत नसे. एकाच चुकीच्या पोथीवरून दहा नकला झाल्या असतील, तर दहा मतेही चुकीचीच! म्हणून कोणती प्रत कोणापासून आली, हे पाहावे लागते. यंत्राला जो निवाडा करता येत नाही, तो येथे विद्वानाने केला.

असो. या इतिहासात नशिबाचा भाग नाही, असे नाही. हिराइसेला विसर पडला असता, तर मराठीचे तेराव्या शतकातले बोलणे आपल्या कानांवर कधीच पडले नसते. पण नशीब त्यालाच साथ देते, ज्याने आधी तयारी केली असते. दिवाळीनंतर घरातील कागदपत्रांची पेटी आवरताना वडीलधाऱ्यांनी एवढे पाहावे: महत्त्वाचा कागद एकाच जागी तर नाही ना, दुसरी प्रत दुसऱ्या घरी आहे ना, आणि ती कोठे आहे, हे आपल्याशिवाय आणखी कोणा एकाला तरी ठाऊक आहे ना?